झेंडूच्या वाडीवरचं आरक्षण

मोजणीची साखळी गुंडाळून झाल्यावर वाळू नावाच्या त्या माणसानं आमच्या आत्याच्या विहिरीवर पाय धुतले. नुसते पाय धुतले असते तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. शेतातून निघणारा माणूस चिखल काढतोच. पण ह्यानं चपला आधीच कुंपणाबाहेर काढून ठेवल्या होत्या. गुडघ्यापर्यंत पाय धुतले, कोपरापर्यंत हात धुतले, चुळा भरल्या, ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि मान न वळवता चालू लागला.

"अहो दादा, चहा टाकलाय," आत्या म्हणाली.

"नको बाई. इथलं नको."

हे 'इथलं नको' मी नंतर पुष्कळ जणांना म्हणून दाखवलं आहे. खालचा ओठ पुढे काढायचा, आवाज घशातच ठेवायचा आणि 'इथलं'वर इतका हलका पाय द्यायचा, जणू खाली कोणी झोपलंय. ऐकणारे खदाखदा हसतात. आत्याला म्हणून दाखवलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "मैने, हा माणूस मौतीवरून आल्यावानी पाय धुऊन गेला. आपल्याकडं कोण गेलंय?"

कोणीच गेलेलं नव्हतं. वाडीत माणसं दोनच, आत्या आणि तिचा धोंडीराम, आणि दोघंही धडधाकट.

आत्याचं नाव नवसाबाई. इंदिरानगरची नवी घरं जिथं संपतात आणि नासर्डीचा उतार लागतो तिथं तिची एकरभर वाडी. झेंडू, शेवंती, गलांडा, मधल्या सऱ्यांत मेथी-कोथिंबीर. यजमान लवकर गेले, तेव्हापासून ही वाडी तिनं एकटीनं ओढली. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, फुलं राहतात. आमच्या कॉलनीतल्या बायका तिच्या तोंडी 'शेवंतीवाली वहिनी', 'गजऱ्याची मास्तरीण' अशाच असतात. एका वकिलीणबाईंना ती तोंडावर 'गलांडेबाई' म्हणाली होती आणि त्या आजतागायत रुसलेल्या आहेत.

तिच्या बोलण्याची नक्कल काढायला अवघड. सगळे बोलायला सुरुवात करतात तिथं ती थांबते. आधी घशातून एक 'हां' येतो, मग जरा वेळ काही नाही, आणि मग एकच वाक्य. पुढचा माणूस तेवढ्या वेळात चार वाक्यं बोलून फसलेला असतो.

धोंडीराम सातपूरच्या कारखान्यात लागला आणि आत्यानं एकच ध्यास घेतला: दोन पक्क्या खोल्या. वाडीतलं घर कुडाचं, वर पत्रा. पोरगा कमावता, निर्व्यसनी, पण कुडाच्या घरात मुलगी द्यायला कोणी तयार होईना. मग तिनं पंचवटीतल्या एका पाडलेल्या घराचे सागाचे वासे आणून घरामागं रचून ठेवले, वर ताडपत्री घातली आणि बांधकामाच्या परवानगीचा अर्ज केला. आजूबाजूची शिवारं शहरात आली होती, तेव्हा आपल्याच जमिनीत आपलंच घर बांधायलाही आता परवानगी लागत होती. अर्ज गेला. उत्तर आलं नाही. मग हे मोजणीवाले आले.

पाय धुण्याच्या त्या प्रकारानंतर वाडीचं काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. कॉलनीतले जोशी आजोबा रोज सकाळी काठी टेकत कुंपणावरून जायचे आणि आत्याला हाक मारून हवापाण्याच्या चार गोष्टी करायचे. आता ते कुंपणापाशी आले की टोपी काढून हात जोडायचे आणि भराभर पुढं जायचे. आत्याला वाटलं, तिलाच नमस्कार करतात. तिनंही हात जोडले. आजोबा इतके दचकले की काठी हातातून सुटली.

मग मुलं खेळायची बंद झाली. चेंडू कुंपणाच्या आत आला तर कोणी आणायला यायचं नाही. आत्या तो परत बाहेर टाकायची, तर पोरं तो उचलायची नाहीत. एक आई पोराच्या दंडाला धरून नेताना मी स्वतः ऐकली: "कितीदा सांगितलं रे तुला? संध्याकाळचं तिकडे बघायचंसुद्धा नाही!" हे 'बघायचंसुद्धा' कुजबुजून आणि ओरडून एकाच वेळी म्हटलेलं होतं. आया ते कसं करतात, मला अजून जमलेलं नाही.

दहीपुलाजवळच्या फुलबाजारात झुंबरशेठ आत्याचा माल वर्षानुवर्षं घेत आला होता. मोठा बडबड्या, गळ्यात लॉकेट, बोलताना प्रत्येक वाक्याला पाटी आपटायचा. त्या दिवशी त्यानं आत्याची पाटी दुसऱ्या बाजूला सरकवली, जिथं तिरडीचे हार करणारे बसतात तिथं.

"तिकडं का?" आत्यानं विचारलं.

"मावशी, तुमचा माल आता तिकडंच जाणार ना. लग्नाचं गिऱ्हाईक विचारतंय, कुठल्या वाडीचा झेंडू. मी खोटं बोलू का?" पाटी आपटली. "देवाला कसा लावू मी हा?" पुन्हा आपटली.

"माझ्या झेंडूला काय झालं?"

झुंबरशेठनं पाटी आपटायला उचललेली होती, ती तशीच हातात राहिली. "म्हणजे? तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?"

त्यानंही सांगितलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

आत्या त्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन आमच्याकडे आली आणि उंबऱ्यात बसली. ती म्हणाली, "डाक्टर घरच्यांना बाहेर बोलावून सांगतो ना, तसं झालंय. सगळ्या गावाला ठाव हाय. मलाच ठाव नाय." तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. कारण मी शाळेत जाताना रोज तिच्या कुंपणावरून जायचे, आणि त्या आठवड्यात मैत्रिणी मला दुसऱ्या रस्त्यानं नेत होत्या.

महापालिकेच्या कचेरीत मी, आत्या आणि धोंडीराम असे तिघं गेलो. खिडकीत बसलेले कारकून पानाचा तोबरा सांभाळत हनुवटी वर करून बोलायचे.

"नकाशा बघितला? नाही? मग आधी नकाशा बघा."

नकाशा मागच्या भिंतीवर होता, भिंतीएवढा. अख्खं नाशिक रंगवलेलं. पिवळं म्हणजे राहायचं, हिरवं म्हणजे शेती, निळं म्हणजे दुकानं, हे बाजूला लिहिलेलं होतं. आत्याला वाचता येत नाही, पण नासर्डीचं वळण तिनं बरोबर ओळखलं. वळणावरून बोट सरकवत ती आपल्या विहिरीवर आली. विहीर होती, छोटासा गोल काढलेला. विहिरीभोवतीच्या सगळ्या जमिनीवर बारीक काळ्या तिरप्या रेघा मारलेल्या होत्या आणि मध्ये एक आकडा.

"मैने, काय लिवलंय?"

मी बाजूच्या यादीत तो आकडा शोधला. वाचलं. परत वाचलं. मग धोंडीरामदादाकडे बघितलं, तर त्यानंही वाचलेलं होतं.

"मसनवट हाय का?" आत्यानंच विचारलं. वाळू पाय धुऊन गेला तेव्हापासून बहुतेक तिच्या मनात ते होतंच.

पुढचं बोलणं मला तोंडपाठ आहे, कारण घरी येऊन मी ते दोन्ही आवाजांत करून दाखवत होते आणि आईनं मला चूप बसवलं.

"विहीर हाय नकाशात," आत्या म्हणाली. "माझं घर नाय."

"घराला परवानगी आहे का?"

"नाय. तिचाच तं अर्ज दिलाय."

"मग घर नाही."

"मी राहते तिथं."

"राहत असाल हो. घर नाही."

"मग परवानगी द्या."

"स्मशानासाठी आरक्षित जागेवर घराची परवानगी देता येत नाही."

"मग मसनवट दुसरीकडं न्या."

"आजूबाजूला घर नाही म्हणूनच ती जागा निवडलीय बाई."

आत्या 'हां' म्हणाली आणि थांबली. वर पंखा फिरत होता. मला वाटलं, आत्या नकाशातल्या त्या रेघांमध्ये उभी आहे आणि आम्ही बाहेरून तिच्याशी बोलतोय.

कारकून तसे वाईट नव्हते. त्यांनी पान थुंकून येऊन नीट समजावून सांगितलं. हा आराखडा अजून कच्चा आहे, त्याला प्रारूप म्हणतात. पेपरात जाहीर झालाय. ज्याला मान्य नसेल त्यानं मुदतीत लेखी हरकत द्यायची. मग सुनावणी होते, समितीपुढं प्रत्येकाला बोलावतात. समिती काय ते सुचवते, ते सरकारकडं जातं, आणि सरकारचा शिक्का झाला की आराखडा पक्का. त्यानंतर काही चालत नाही.

"म्हंजे आज मसनवट नाय?" आत्या.

"आज नाही. प्रस्तावित आहे."

"मग लोकं आत्ताच हात का जोडायले?"

कारकुनांनी मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

हरकतीचा अर्ज आत्यानं सांगितला आणि मी लिहिला. ती म्हणाली, "लिही, हितं आजवर कोणालाच जाळलं नाय." मी शाळेतल्या निबंधाच्या तोऱ्यात लिहिलं, 'सदर जागेवर आजतागायत कधीही दहनविधी झालेला नाही.' धोंडीरामदादा म्हणाला, हे एकच वाक्य आपलं बळ आहे. जिथं कधी कोणी जळलं नाही, तिथं स्मशान कसं म्हणतील?

अर्ज देऊन झाला आणि श्रावण लागला. त्या वर्षी नासर्डीला पाण्याचा लोंढा आला आणि पलीकडच्या स्मशानात जायचा फरशीपूल बुडाला. मी आत्याकडं डबा घेऊन गेले होते, पावसानं अडकले. दिवेलागणीची वेळ. कंदिलाची काच पुसता पुसता आत्या थांबली.

कुंपणाच्या फटीपाशी माणसं उभी होती.

सगळ्यात पुढं एक जण, डोक्यावरून इरलं घेतलेला, पोटाशी मडकं धरलेला. मडक्यातून धूर येत होता. त्याच्यामागं चौघांच्या खांद्यावर तिरडी. वरच्या लुगड्याचा रंग पावसानं कळत नव्हता. सगळ्यात विचित्र म्हणजे, कोणी रडत नव्हतं. पाऊस पत्र्यावर वाजत होता तेवढाच आवाज.

आम्ही बाहेर येईपर्यंत त्यांनी तिरडी कुंपणापाशी खाली टेकवली. एकानं वाकून जमिनीवरचा खडा उचलला आणि बाजूला ठेवला. मग पुढचे मागं गेले, मागचे पुढं आले, आणि तिरडी फिरवून पुन्हा खांद्यावर घेतली.

"बाय," इरलंवाला म्हणाला, "म्हातारी मेली. मसनवटी अठंच ना?" बोली पेठ-सुरगाण्याकडची. कॉलनीची बांधकामं करायला तिकडचे मजूर येतात, तशांपैकी.

"नाय रे बाबा," आत्या म्हणाली. "हितं नाय. ही फुलाची वाडी हाय."

"मंग कठं?"

"कोणी सांगितलं तुम्हाला हितं म्हणून?"

"ज्याला त्याला इचारला. ज्यानी त्यानी अठंच बोट करला."

धोंडीरामदादा कामावरून नुकताच आला होता. त्यानं आत्याचा हात धरून तिला आत ओढलं. "आये, कागद दिलाय आपण! कधी जाळलं नाय म्हणून लिहून दिलंय! आज हो म्हणशील तर संपलं सगळं. सांग त्यांना, नदी उतरू दे म्हणावं, थांबा म्हणावं."

आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"इसावा झाला रे त्यांचा," ती म्हणाली.

आमच्यात तिरडी वाटेत एकदा टेकवतात, खांदे बदलतात, त्याला विसावा म्हणतात. विसाव्याच्या अलीकडं मेलेलं माणूस अजून घरच्या बाजूला असतं. विसावा झाला की ते पलीकडचं झालं. मग त्याला माघारी नेत नाहीत. त्या लोकांनी विसावा आत्याच्या कुंपणावर केला होता, कारण त्यांना वाटलं, पुढं स्मशान आहे.

"त्यांनी चुकून केला," दादा म्हणाला.

"चुकून केला तरी झालाच ना. फिरलेलं मढं मी माघारी कुठं पाठवू?"

लाकूड त्यांच्याकडं नव्हतंच. सगळा मुलूख भिजलेला. आत्या घरामागं गेली आणि तिनं ताडपत्री ओढली. दादा तिच्या मागं धावला. तो काय बोलला ते पावसात मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं असतं तरी मी ते कोणाला म्हणून दाखवलं नसतं. तो मग घरात येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. वासे बाहेर गेले. सुकलेला जुना साग, तो भुरभुर पावसातही पेटला. नदीकडच्या कोपऱ्यात, जिथं नुकताच झेंडू लावला होता तिथं. आत्यानं ओंजळभर फुलं वर टाकली. जाळ उंच गेला तेव्हा त्या पाच माणसांचे चेहरे दिसायला हवे होते. मी मुद्दाम बघत होते, कोणाचं काय टिपता येईल म्हणून. मला काही टिपता आलं नाही. आवाज नाही, लकब नाही, उभं राहण्याची तऱ्हाही नाही. मी ज्याला एकदा बघते त्याचं काहीतरी माझ्याकडं राहतंच. त्यांचं काहीही राहिलं नाही.

सकाळी ते नव्हते.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला घरचे येतात. कोणी आलं नाही. आत्यानं दुपारपर्यंत वाट बघितली, मग स्वतःच राख आणि अस्थी गोळा केल्या आणि फडक्यात बांधून बसनं रामकुंडावर घेऊन गेली. कंडक्टर तिला म्हणाला, "मावशी, बोचकं खाली ठेवा की, मांडीवर कशाला?" आत्या 'हां' म्हणाली आणि तिनं ते खाली ठेवलं नाही.

मग आम्ही त्यांना शोधायला गेलो. धोंडीरामदादाच म्हणाला, ती माणसं सापडली तर समितीपुढं सांगतील तरी, की पुरामुळं अडलो, बाईनं दया केली, ते काही स्मशान नाही. इंदिरानगरात जिथं जिथं विटा पडल्या होत्या तिथं तिथं फिरलो. पाऊस लागल्यापासून कामं बंद होती. मजूर आपापल्या पाड्यांवर लावणीला गेले होते. शेवटच्या इमारतीवर एक रखवालदार सापडला, घोंगडीत गुंडाळलेला.

"कोण म्हातारी?" तो म्हणाला. "इथं चूल पेटलेली नाय पोळ्यापासून... पोळ्यापासून कसली, अजून पोळा यायचाय. आखाडापासून! आखाडापासून चूल पेटलेली नाय इथं. मेलं कोण?"

"त्या सांच्याला तुमच्या रस्त्यानंच आले असतील," दादा म्हणाला. "पाच जण होते."

"मी रस्त्यावरच बसतो. माझ्यासमोरून कुत्रं गेलं तरी मला माहीत." आणि मग त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "तुम्ही ते मसनवटीजवळ राहता तेच ना?"

परत येताना दादा एकदम हलका झाला. शीळसुद्धा घालायला लागला. "आये, चांगलंच झालं. कोणी बघितलं नाय. कोणाचं माणूस गेलं नाय. राख तू नेऊन टाकली. मैना काय बोलणार नाय. म्हणजे झालंच नाय ना काही?"

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. मग कोपऱ्याकडं बघायला लागली. तिथं जमीन काळी होती आणि पावसानं ती काळी जागा जरा जरा पसरत होती.

सुनावणीच्या दिवशी कचेरीचं सभागृह माणसांनी भरलं होतं. हा दिवस माझ्या आयुष्यातला खजिना आहे, मी तो अजून पुरवून पुरवून वापरते. समोर टेबलामागं समितीचे तिघं. मधले अध्यक्ष, चष्मा कपाळावर, कागद वाचताना खाली न घेता मानच मागं करायचे. डावीकडचे सारखे वेलदोडे सोलायचे. उजवीकडचे लिहायचे आणि प्रत्येक माणसाला एकच विचारायचे, "थोडक्यात?"

"तुमच्या प्लॉटमध्ये खेळाचं मैदान प्रस्तावित आहे. तुमची हरकत काय?"

"साहेब, मला सांधेदुखी आहे."

"मैदानावर तुम्ही खेळायचं नाही, मुलांनी खेळायचंय."

"मुलांचाच तर त्रास आहे साहेब."

"थोडक्यात?"

पुढच्या बाईंच्या स्वयंपाकघरातून रस्ता जात होता. त्या म्हणाल्या, जाऊ दे, पण देवघराच्या बाजूनं वळवा. त्यांचे यजमान म्हणाले, अगं, रस्ता आहे, नळी नाही. दोघांचं तिथंच जुंपलं. सगळे हसत होते. मग शिपायानं पुकारलं, "नवसाबाऽऽई..." आणि आडनाव यायच्या आत खोलीतलं हसू विझलं. कॉलनीची माणसं बसली होती तिथं बाक कुरकुरला. दोन बायकांनी पदर सावरून घेतले, आत्या जवळून गेली तेव्हा ते तिला लागू नयेत म्हणून.

कॉलनीच्या वतीनं एक जण आधी बोलले. अगदी लोण्यासारखं बोलणं. आमचा बाईंवर राग नाही, वस्ती वाढतेय, जवळ सोय नाही, पावसाळ्यात फार हाल होतात. दादाच्या मुठी आवळलेल्या होत्या.

अध्यक्षांनी मान मागं करून आत्याचा अर्ज वाचला. "'सदर जागेवर आजतागायत कधीही दहनविधी झालेला नाही.' बरोबर आहे ना बाई? आमच्या दृष्टीनं हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जागा पूर्वापार वापरात नसेल तर फेरविचार करता येतो. बरोबर?"

दादानं मान हलवली. आत्यानं हलवावी म्हणून परत हलवली.

"हां," आत्या म्हणाली.

उजवीकडच्यांनी लिहायला पेन टेकवलं. मला माहीत होतं, हा हां म्हणजे हो नव्हे. हा तिचा थांबायचा हां.

"लिवलं तवा खरं होतं," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"आता एक झालंय."

वेलदोडे सोलणारे हात थांबले.

"कोणाचं?"

"ठाव नाय."

"आणलं कोणी?"

"ठाव नाय. नंतर शोधलं. कोणाचंच कोणी गेलेलं नाय म्हणत्यात."

अध्यक्षांनी चष्मा पहिल्यांदाच डोळ्यांवर घेतला. "बाई, तुम्ही स्वतःच्या विरुद्ध बोलताय, कळतंय ना? नाव नाही, माणसं नाहीत, साक्षीदार नाही. मग झालं कशावरून म्हणायचं? आम्ही अर्जात आहे तेच धरतो. बसा तुम्ही."

"नाय साहेब," आत्या म्हणाली. "मजूर नाय म्हणत्यात. रखवालदार नाय म्हणतो. माझा पोरगा नाय म्हणतो. मी पण नाय म्हणलं, तं ती म्हातारी कुठंच जळली नाय. मग ती कुठं जाईल?"

मला आठवतं, मी दाराकडं बघितलं होतं. मीच नाही, बऱ्याच जणांनी बघितलं.

"तिला तेवढा कोपरा ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली. "जळली तेवढाच. बाकी माझं मला ऱ्हाऊ द्या. मला दोन खोल्या बांधायच्यात."

"थोडक्यात..." उजवीकडचे सवयीनं म्हणाले. ते लिहायला लागले. आत्या टेबलाशीच उभी.

"तिचं काय लिवलं?"

"अनोळखी स्त्री, एक."

"हां," आत्या म्हणाली, आणि ह्या वेळी तो खरंच 'हो' होता.

बाहेर आल्यावर धोंडीरामदादा तिच्याशी बोलला नाही. सातपूरला मित्राच्या खोलीवर राहायला गेला. वाडीत आत्या एकटी राहिली, एकटी म्हणायचं तर. मी संध्याकाळी सोबतीला जायचे तेव्हा ती मला सांगायची, "तिकडं नको बघू," आणि स्वतः बघायची.

आराखडा पक्का व्हायला पुढचा पावसाळा गेला. आत्याची जमीन पिवळ्या रंगात आली होती. फक्त नदीकडच्या कोपऱ्यात तेवढ्या तिरप्या रेघा. असं का केलं त्याचं कारण कुठंही दिलेलं नव्हतं. कॉलनीवाले चिडले. एवढ्याशा तुकड्यात ना शेड बसते, ना माणसं उभी राहतात. ताब्यात घ्यायला अजून तरी कोणी आलेलं नाही. चार दगड पुरून गेले तेवढेच. त्यामुळं सबंध शहरात एक स्मशान असं आहे की ज्यात आजवर एकाच म्हातारीला जाळलं, आणि तिचं नाव कोणाला माहीत नाही. लोक अजून कुंपणापाशी हात जोडतात. दसऱ्याला झेंडू कमी पडला तेव्हा झुंबरशेठ मात्र टेम्पो घेऊन दारात आला. "मावशी, देवाला काय कळतंय कुठला ते!" म्हणाला, पण आपटायला पाटी नव्हती, म्हणून वाक्य लंगडं वाटलं.

परवानगी मिळाली. दोन खोल्या उभ्या राहिल्या, ह्या वेळी वर स्लॅब. ओटा होता होता दादा परत आला, पक्कं घर झालं, आता लग्न जमेल म्हणून असेल, किंवा आईसाठी असेल. मी विचारलं नाही.

परवा विंचूरकडचे एक गृहस्थ मुलगी द्यायची म्हणून घर बघायला आले. काळू पाटील. कांद्यातली माणसं, बोलणं खणखणीत, शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं. खोल्या बघितल्या, विहीर बघितली, ओट्यावर उभे राहून वाडी बघितली. सगळीकडं फुलं, आणि नदीकडच्या कोपऱ्यात चार दगडांच्या मध्ये काहीच लावलेलं नाही.

"तिकडं रिकामं का सोडलंय?" त्यांनी विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी छपराकडं. आत्या 'हां' म्हणाली आणि थांबली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. पाऊस, पाच माणसं, विसावा, वासे. तिचं सांगून झाल्यावर पाटलांनी त्या कोपऱ्याकडं पुन्हा बघितलं.

"लाकूड कोणतं होतं?" त्यांनी विचारलं, आणि आवाज एवढा खाली आला होता की मला नीट ऐकायला पुढं सरकावं लागलं.

"साग," आत्या म्हणाली.

"मग नीट जळाली असंल बिचारी," काळू पाटील म्हणाले, आणि धोंडीरामदादाकडं वळून विचारलं, "कारखान्यात पाळी कोणती असती तुमची? रात्रीची असली तर घरात बायामाणसं दोघीच ऱ्हातील, म्हणून इचारलं."